मुक्काम पोस्ट पांगती

कोहिमाहून वोखा ऐंशी किलोमीटर. अंतर ऐकून 'दोन तासांचं काम' असं मनात धरलं असेल, तर नागालँडमध्ये असले हिशेब पहिल्याच दिवशी सोडून द्यावे लागतात. आमच्या सुमोच्या चालकाने वेळ सांगितलीच नाही. 'पोहोचू' म्हणाला आणि गाडी सुरू केली. पाऊस थांबून महिना झाला होता, तरी दरडींची माती रस्त्यावरच होती. आधी तिचा चिखल होता, आता धूळ. दोन्ही बाजूंना झूम शेतीचे उतार, डोंगरमाथ्यावर वसलेली गावं, प्रत्येक गावात सगळ्यांत उंच दिसणारं चर्च आणि रस्त्याकडेला टोपल्यांत मांडलेली संत्री. एका दुकानात तर माणूसच नव्हता. भाजीच्या जुड्या, किंमत लिहिलेला पुठ्ठा आणि पैसे टाकायला डबा. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीने तीन वेळा आजूबाजूला पाहिलं, मग नोट टाकली आणि केळी घेतली.

वोखा हे जिल्ह्याचं गाव. तिथे चहा घेऊन पुढे पांगतीचा रस्ता धरला. लोथा नागांच्या समजुतीत तियी डोंगर हे मेलेल्यांच्या आत्म्यांचं ठिकाण. तो मागे पडला आणि खाली दोयांग जलाशयाचं पाणी चमकायला लागलं. घड्याळात तीन वाजले होते, पण उन्हं पार कलली होती. देशाच्या या टोकाला नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य बुडतो. आपल्याकडे चारचा चहा होतो तेव्हा इथे चुली पेटलेल्या असतात. चालकाने घाई चालवली होती ती त्यामुळेच.

एवढी यातायात एका पक्ष्यापायी. अमूर ससाणा. कबुतराहून लहान, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. रशियाचा अतिपूर्व भाग, ईशान्य चीन, मंगोलिया, उत्तर कोरिया हे त्याचं माहेर. तिथे तो पिल्लं वाढवतो, तीही बहुतेक वेळा मॅगपाय किंवा कावळ्याच्या जातीच्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या घरट्यात. थंडीची चाहूल लागली की दक्षिण आफ्रिकेकडे निघतो. जाऊन-येऊन वीस हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास. या वाटेत अरबी समुद्र आडवा येतो, आणि ससाण्याला बदकासारखं पाण्यावर बसता येत नाही. भारताचा किनारा सोडला की आफ्रिकेचा किनारा लागेपर्यंत पंख मारत राहायचं. त्या उड्डाणाची शिदोरी तो ईशान्य भारतात गोळा करतो. पाऊस संपल्यावर जमिनीतून पंख फुटलेली वाळवी थव्याथव्याने बाहेर पडते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेमके हे ससाणे तिथे येऊन ठेपतात. समुद्रावर ते काय खातात, याबद्दल एक सुंदर तर्क आहे. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की याच सुमारास लाखो चतुर भारताकडून आफ्रिकेकडे समुद्र ओलांडतात. वाटेवरचं जेवण वाटेबरोबरच उडत असावं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हारालू आणि रोकोहेबी कुओत्सू ही चार मंडळी दोयांगच्या काठी पोहोचली. दळवी आपल्याकडचे, पक्ष्यांचे अभ्यासक. बानो हारालू नागालँडच्याच, दूरचित्रवाणीवर पत्रकारिता केलेल्या. शिकार होते एवढं त्यांच्या कानावर होतं. प्रत्यक्षात झाडांच्या आडून मासेमारीची नायलॉनची जाळी उभी ताणलेली होती. रात्रीच्या आसऱ्याला उतरणारे ससाणे थव्याने त्यांत अडकत होते. जिवंत पक्षी मच्छरदाणीच्या कापडात कोंबलेले, पिसं काढलेल्यांच्या मोळ्या बांधलेल्या, आणि त्या मोळ्या घेऊन बायामाणसं विकायला निघालेली. शंभर रुपयांना चार ते सहा पक्षी असा भाव. त्यांनी जाळ्यांवरून हिशेब मांडला: दिवसाला बारा ते चौदा हजार ससाणे, आणि हंगामातले भराचे दहाच दिवस धरले तरी १,२०,००० ते १,४०,०००. हा अंदाज त्यांनी हात राखूनच केला होता. छायाचित्रं आणि चित्रफीत 'कन्झर्वेशन इंडिया' या संकेतस्थळावर आली आणि जगभर बोंब उठली.

बोंब उठणं सोपं असतं. पुढच्या गोष्टीत मला जास्त रस आहे, आणि ती समजायला आधी धरण समजावं लागतं.

दोयांगचा ७५ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प २००० साली सुरू झाला. पांगती आणि आसपासच्या गावांची नदीकाठची चांगली शेतं पाण्याखाली गेली. शेतकरी मासेमार झाले. जाळी घरोघर आली ती तेव्हा. त्याच पाण्याने आणि काठच्या झाडांनी ससाण्यांनाही ओढून आणलं. अमूर ससाणे या भागातून आधीही जात होतेच, पण एवढ्या प्रचंड संख्येने एकाच ठिकाणी रात्री उतरण्याची सोय जलाशयाने केली. म्हणजे शेत बुडालं, हातात जाळं आलं आणि डोक्यावर पक्ष्यांचं आभाळ आलं, हे सगळं एकाच गोष्टीतून. याला 'जमातीची पूर्वापार क्रूर प्रथा' म्हणणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्यांनी धरणाचं साल पाहिलं नसावं.

आम्ही पोहोचलो तेव्हा आभाळ रिकामंच होतं. जलाशयाच्या वरच्या अंगाला पाहणीसाठी मनोरा आहे. तिथे युनियनचा एक तरुण वाट बघत होता. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद आणि आवाज बंद, एवढ्या दोन सूचना देऊन तो बाजूला झाला. चारच्या सुमारास उत्तरेकडच्या कड्यावर काही ठिपके दिसले. मग दुसऱ्या कड्यावर. दहा मिनिटांत चारी बाजूंनी पक्षी येत होते आणि वर, फार वर, चाळणीत तीळ हलवावेत तसे फिरत होते. दुर्बीण लावली की त्या ठिपक्यांमागे आणखी ठिपके. मोजायचा विचारही मनात आला नाही.

पण मला थव्यापेक्षा एकटा पक्षी बघायचा होता, आणि तो मनोऱ्याच्या खाली वीजतारेवरच सापडला. नर. अंगभर पाटीच्या रंगाचा करडा, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, पाय आणि डोळ्याभोवतीचं कडं लालसर केशरी. उडाला तेव्हा पंखांच्या आतली पांढरी बाजू झळकली. बाजूच्या मादीचं पोट पांढरट, त्यावर काळ्या रेघा आणि ठिपके. नराने हवेतच पाय पुढे काढला, काहीतरी पकडलं आणि उडता उडता मान वाकवून पायातून तोंडात घातलं. चार पंख भिरभिरत खाली आले. मनोऱ्याच्या कठड्यावर तसले पंख जागोजागी पडलेले होते, कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. वाळवीचे. आमच्या यजमानांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की वाळवी निघाली नाही तर पक्षी मुक्काम आवरता घेतात.

अंधार पडला तसा झाडांतून किलबिल नव्हे, कलकलाट उठला. बारीक, उंच, एकसारखा. वाळक्या पानांवर विष्ठेचा टपटप आवाज. वास कोंबड्यांच्या खुराड्याचा. परतताना युनियनच्या त्या पोराने टॉर्च जमिनीकडे धरला होता, एकदाही वर केला नाही.

ही 'युनियन' म्हणजे अमूर फाल्कन रूस्टिंग एरिया युनियन, ज्यांच्या मालकीच्या जमिनीवर पक्षी उतरतात त्या लोकांची संघटना. नागालँडमध्ये बहुतेक जंगल सरकारचं नसतं, गावाचं किंवा माणसाचं असतं. घटनेच्या ३७१ अ कलमाने जमिनीवरचा त्यांचा हक्क राखून ठेवला आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा इथेही आहे, वनखात्याने २०१२ मध्ये जाळी जप्त केली, पक्षी सोडवले. पण गावाच्या मनात नसेल तर वनरक्षक किती झाडांखाली उभा राहणार? म्हणून पुढच्या वर्षभरात जे झालं ते गावसभेत आणि चर्चमध्ये झालं. बानो हारालूंच्या नागालँड वाइल्डलाइफ अँड बायोडायव्हर्सिटी कन्झर्वेशन ट्रस्टने घरोघरी, शाळाशाळांत बैठका घेतल्या. पाद्र्यांनी प्रवचनात विषय घेतला. पांगती, आशा आणि सुंगरो या तीन गावांनी ठराव केले. पांगतीत पक्षी मारणाऱ्याला पाच हजारांचा दंड. २०१३ च्या हंगामात दोयांगला जाळी लागली नाहीत. एका वर्षात लाखावरून शून्यावर. असं पक्षिसंरक्षणाच्या इतिहासात क्वचितच घडलेलं आहे.

आता बाहेरच्यांचा वाटा. बर्डलाइफ इंटरनॅशनल ही केंब्रिजला मुख्यालय असलेली संस्था. १९२२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली, १९९३ पासून हे नाव. तिची रीत अशी, की स्वतः देशोदेशी शाखा न काढता प्रत्येक देशातली एक जुनी, तिथे रुजलेली संस्था भागीदार म्हणून धरायची. भारतात ती आपली मुंबईची बीएनएचएस, म्हणजे १८८३ ची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्यामुळे 'नागालँडमध्ये काय चाललंय' हे मुंबईच्या हॉर्नबिल हाउसमधून केंब्रिजला आणि तिथून जगभर जायला टेबलं बदलावी लागली नाहीत. पैसे, प्रशिक्षण, शाळांसाठी 'फ्रेंड्स ऑफ द अमूर फाल्कन' मोहीम हे त्या साखळीतून आलं. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने जाळी सोडणाऱ्यांना कोंबडीपालनासारख्या कामांसाठी हातभार लावला.

आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पांगतीला चक्क हंगेरियन आले. नकाशावर पाहिलं तर अमूर ससाणा हंगेरीच्या जवळपासही फिरकत नाही. पण त्याचा सख्खा भाऊबंद, लाल पायांचा ससाणा, हंगेरीच्या गवताळ माळावर घरटी करतो. तोही स्वतः घरटं बांधत नाही, रूक नावाच्या कावळ्याच्या वसाहतीत भाड्याने राहतो. हंगेरीत रूक कमी झाले तशी ससाण्यांची घरंच गेली. तिथल्या संस्थेने, म्हणजे एमएमई या बर्डलाइफच्या हंगेरियन भागीदाराने, रोमानियातल्या सहकाऱ्यांना घेऊन लाकडी पेट्यांच्या कृत्रिम वसाहती उभ्या केल्या, आणि इतक्या लहान ससाण्याच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र कसं बसवायचं यात हात तयार केला. ते हात भारतात हवे होते. पीटर फेहेरवारी आणि साबोल्च शोल्ट हे दोघे आले. त्यांच्याबरोबर स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अबुधाबी कार्यालयाचे निक विल्यम्स, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे आर. सुरेश कुमार आणि नागालँडचं वनखातं.

यंत्र जेमतेम पाच ग्रॅमचं. वरच्या बाजूला सौर पट्टी, मागे बारीक तार. पक्ष्याच्या वजनाच्या शेकडा तीन ते पाचपेक्षा जास्त ओझं पाठीवर द्यायचं नाही असा या कामातला दंडक, त्यामुळे दीडशे ग्रॅमच्या पक्ष्यासाठी यापेक्षा फार जड काही चालत नाही. टेफ्लॉनच्या मऊ फिती छातीवरून, पंखांच्या मुळांखालून घेऊन पाठपिशवीसारख्या बांधतात. सैल राहिल्या तर पंख अडकतो, घट्ट झाल्या तर खाऊन फुगलेल्या पक्ष्याला समुद्रावर श्वास पुरत नाही. तीन पक्ष्यांना यंत्रं बसली. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती ठेवली. यात मला खरी अक्कल दिसते. ससाण्याला क्रमांक देता आला असता. गावाचं नाव दिल्यावर गाव रोज विचारायला लागलं, आपला पांगती कुठे पोहोचला?

पांगती समुद्र ओलांडून सोमालियाला लागला. ईशान्य भारत सोडल्यापासून पाच-सहा दिवसांत पाच हजारांहून अधिक किलोमीटर. वोखाचा संदेश मध्येच थांबला. नागा आणि पांगती दोघंही दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला जाऊन, उत्तरेला पिल्लांच्या मुलखात जाऊन, पुढच्या वर्षी, २०१४ च्या हंगामात परत दोयांगला आले.

दुसऱ्या टोकाची माणसंही झोपलेली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात न्यूकॅसल नावाचं शहर आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत हे ससाणे निलगिरीच्या उंच झाडांवर रात्री उतरतात. जर्मनीचे बर्न्ड मायबुर्ग यांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर जानेवारी २०१० मध्ये न्यूकॅसलला दहा ससाण्यांना यंत्रं लावली होती; समुद्रावरची वाट उपग्रहाने पहिल्यांदा दिसली ती त्या कामात. दरवर्षी तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीच्या सुमारास, तिथले हौशी लोक गावोगावच्या झाडांखाली उभं राहून संध्याकाळी मोजदाद करतात. मार्च २०१९ मध्ये न्यूकॅसलला मोठी गारपीट झाली. झाडांवर बसलेले ससाणे शेकड्यांनी खाली पडले. गावकऱ्यांनी आणि संस्थांनी खोक्यांत भरभरून जखमी पक्षी उचलले, औषधपाणी केलं आणि जे वाचले त्यांना प्रवास सुरू होण्याआधी सोडलं. पांगतीचे लोक आणि न्यूकॅसलचे लोक एकमेकांना कधी भेटले नसतील, पण एकाच पक्ष्याला दोघांचे हात लागलेले असू शकतात.

या सगळ्यावर करारांचं छप्पर आहे. स्थलांतरित वन्य प्राण्यांबद्दलचा बॉन करार १९७९ चा. भारत त्यात १९८३ मध्ये आला. शिकारी पक्ष्यांसाठी त्याच्याच पोटातला वेगळा सामंजस्य करार २००८ मध्ये अबुधाबीत झाला, त्यावर भारताने २०१६ मध्ये सही केली. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉन कराराची तेरावी परिषद गांधीनगरला भरली. पण छपरातून गळतंही. अमूर ससाण्याचं जे माहेर, त्यातले रशिया आणि चीन हे दोन अवाढव्य देश बॉन कराराचे सदस्यच नाहीत. मंगोलिया आहे, दक्षिण आफ्रिका आहे, भारत आहे. सरकारांची साखळी जिथे तुटते तिथे पक्षिमित्र संस्था, विद्यापीठं आणि एकमेकांना ई-मेल लिहिणारे चार अभ्यासक तिला गाठ मारतात. गाठ सुटतेही. निधी संपतो, माणूस नोकरी बदलतो, व्हिसा मिळत नाही.

आपल्याकडे तर अशा सहकार्याला संशयाचाही इतिहास आहे. सालिम अली आणि बीएनएचएस यांनी १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचा मोठा प्रकल्प चालवला, सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. क्यासानूरच्या जंगलातला ताप पक्ष्यांबरोबर पसरतो का, हा प्रश्न होता. पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा असलेल्या एका सर्वेक्षणाचा हात त्यात लागला आणि सत्तरच्या दशकात संसदेपर्यंत प्रश्न गेले. त्या कड्यांनी आपल्याला हिवाळी पाहुण्यांबद्दल बरंच शिकवलं, हे खरं. पैसा कुणाचा आहे हे विचारणं चूक नव्हतं, हेही खरं.

पक्षी मारण्याबद्दल नागांकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी एक आकडा सांगायला हवा. बर्डलाइफने २०१५ मध्ये मांडलेला अंदाज: भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत दरवर्षी सुमारे अडीच कोटी पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात. त्यात इजिप्त, सीरिया आहेत, तसे इटली आणि सायप्रसही आहेत. सायप्रसमध्ये डिंक लावलेल्या काटक्यांना चिकटवून पकडलेले गाणारे पक्षी हॉटेलात चोरून वाढले जातात. तिथे अजून शून्य आलेलं नाही.

आणि जाळ्याविनाही पक्षी मरतात. अमेरिकेत घरटी करणारे स्वेन्सन हॉक हे शिकारी पक्षी हिवाळ्यात जातात कुठे, हे शोधायला नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या अभ्यासकांनी यंत्रं लावली. पक्ष्यांमागोमाग ते अर्जेंटिनाच्या पांपाज माळावर पोहोचले, तर सूर्यफुलाच्या शेतांत मेलेल्या पक्ष्यांचे सडे. नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं होतं, पक्ष्यांनी ते नाकतोडे खाल्ले. १९९५-९६ च्या एका हंगामात वीस हजारांच्या आसपास पक्षी मेल्याचा अंदाज होता. दोन्ही देशांच्या संस्था, सरकारं आणि कंपनी एका टेबलावर बसली, त्या भागातून ते औषध मागे घेतलं गेलं, आणि मरण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. मोनोक्रोटोफॉस हे नाव यवतमाळच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. अमूर ससाणेही किड्यांवरच जगतात आणि आपल्या कापसाच्या शिवारांवरून जातात, म्हणून ही दूरची गोष्ट मला पांगतीत आठवली.

रात्री यजमानांच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती बसलो होतो. वर टांगलेलं डुकराचं मांस धुरावत होतं, त्यातलंच तुकडे करून बांबूच्या आंबवलेल्या कोंबात शिजवलेलं ताटात आलं. वोख्याचा बांबूचा कोंब साऱ्या नागालँडात नावाजलेला. त्याचा आंबूस वास पहिल्या घासाला अडतो आणि दुसऱ्या घासाला हवाहवासा वाटतो. यजमान साठीतले, मोडकी हिंदी आणि नागामीज मिसळून बोलणारे. स्वतः जाळी लावायचे, हे त्यांनी न विचारता सांगितलं. एका हंगामात मुलांच्या वर्षाच्या फीचे पैसे सुटायचे. ठराव झाला तेव्हा त्यांनी हात वर केला, कारण गावाने केला. पर्यटक आले तर त्यांच्याकडे राहतात, पण खोली आहे त्याच्याकडे पर्यटक जातो. ज्याच्याकडे दुसरी खोलीच नाही, त्याचं काय? जमीन ज्यांची नाही त्यांना युनियनमध्ये जागा नाही. कोंबड्या आल्या, काही जगल्या, काही रोगाने गेल्या. रागाने बोलत नव्हते, हिशेब सांगत होते.

मला त्यांचं पटलं. परदेशी पाहुणे, पुरस्कार, 'जगाची ससाणा राजधानी' ही बिरुदावली हे सारं छान आहे. पण लाखभर पक्ष्यांचं उत्पन्न एका वर्षात सोडणाऱ्या घरांना मिळालेली भरपाई आणि या यशाच्या गोष्टीने इतरांना मिळालेली कीर्ती, यांचा मेळ बसत नाही. तरी दहा वर्षांनंतरही जाळी बाहेर निघालेली नाहीत. यजमानांची ती मासेमारीची जाळी ओसरीतच लटकलेली होती, मासे पकडायला.

पहाटे पाचला पुन्हा मनोरा. ससाणे निघताना संध्याकाळसारखा सोहळा करत नाहीत. उजाडताच भराभर उठतात आणि पांगतात. संख्या दरवर्षी सारखी नसते. काही वर्षी दोयांगला कमी उतरतात, इतरत्र जास्त. लाँगलेंग जिल्ह्यात याओंगयिमचेन आणि शेजारच्या गावांनी आपली जंगलं मिळून राखीव केली आहेत, तिथेही मोठे थवे उतरतात. त्या कामासाठी नुक्लू फोम या पाद्र्याला २०२१ चा व्हिटली पुरस्कार मिळाला. मणिपूरच्या तामेंगलाँगमध्येही गावोगाव ससाण्याचे उत्सव होतात आणि तिथेही उपग्रहयंत्रं लावली गेली. ससाण्याला पांगतीच हवी असं काही नाही. त्याला एक रात्र सुखाची आणि भरपूर वाळवी हवी.

जायचं असेल तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरावा. इनर लाइन परमिट ऑनलाइन मिळतं, ते आधी काढून ठेवावं. रेल्वे आणि विमान दिमापूरपर्यंत. मुक्काम गावात करावा, वोख्यात नव्हे. पैसे गावात राहतात आणि चारच्या आत मनोऱ्यावर पोहोचता येतं. गरम कपडे, टॉर्चला लाल कागद आणि सुट्टे पैसे जवळ असावेत.

ज्यांना एवढं लांब जमणार नाही त्यांनी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर किंवा कोकणच्या सड्यांवर तारांकडे नजर ठेवावी. समुद्रावर झेपावण्याआधी काही ससाणे इथे टेकतात. तारेवर लहानसा ससाणा दिसला तर आधी पाय बघा. पिवळे असतील तर तो आपला नेहमीचा केस्ट्रेल, लाल-केशरी असतील तर अमूर. तारीख, जागा आणि अंदाजे संख्या ई-बर्डवर टाकली की ती नोंद डेहराडूनला दिसते आणि न्यूकॅसललाही.